‘पिग्मॅलियन’ : हिगिन्स एलायझाला कसे वागवतो?

जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचे ‘पिग्मॅलियन’ हे नाटक १९१३ मध्ये व्हिएन्नात आणि १९१४ मध्ये लंडनला रंगमंचावर आले. रस्त्यावर फुले विकणाऱ्या एलायझा डूलिटलला सहा महिन्यांत उच्चभ्रूंसारखे बोलायला शिकवण्याची पैज ध्वनिशास्त्रज्ञ हेन्री हिगिन्स घेतो. पैज तो जिंकतो. पण शिकवणारा चांगला असला म्हणून तो शिष्याला माणूस मानतोच का, हा या नाटकाचा खरा प्रश्न आहे.

एलायझा फुकट शिकायला येत नाही

फुलांच्या दुकानात नोकरी मिळावी म्हणून एलायझा स्वतःहून हिगिन्सच्या घरी येते आणि धड्यामागे एक शिलिंग देऊ करते. तिची रोजची कमाई जेमतेम अडीच शिलिंग. म्हणजे ती दिवसाच्या कमाईतला दोन पंचमांश वाटा देत आहे, हे हिगिन्सच्या लगेच लक्षात येते. कमाईच्या मानाने एवढी मोठी फी आपल्याला कोणीच देऊ केली नव्हती, असेही तो म्हणतो. पण थोड्याच वेळात तो तिचे कपडे जाळून टाकायला सांगतो. सहा महिन्यांनंतर तिचे काय होणार, हा प्रश्न घर सांभाळणाऱ्या मिसेस पियर्स विचारतात; तो हिगिन्स उडवून लावतो.

यश मिळते, कौतुक नाही

मेजवानीत एलायझा बेमालूम वावरते. घरी परतल्यावर मात्र ‘सुटलो एकदाचे’ अशा सुरात हिगिन्स कंटाळा बोलून दाखवतो. तिच्या मेहनतीबद्दल शब्दही नाही. तेव्हा ती त्याच्या सपाता त्याच्याच अंगावर फेकते. तिची अडचण खरी आहे. फुलवालीच्या जगात परत जाता येत नाही आणि नव्या जगात पोटापाण्याचे साधन नाही.

पिकरिंगचे वेगळेपण

कर्नल पिकरिंग पहिल्या दिवसापासून तिला ‘मिस डूलिटल’ म्हणतो. आपला स्वाभिमान तिथून सुरू झाला, असे एलायझा सांगते. उच्चार हिगिन्सने शिकवले, सभ्यपणा मात्र ती पिकरिंगकडे पाहून शिकली.

यावर हिगिन्सचा बचाव असा, की मी सगळ्यांशी सारखाच वागतो, सरदारघराण्यातल्या बाईशीही. वरवर ही समानता वाटते. पण उद्धटपणा सहन न झाल्यास सरदारीणबाई उठून जाऊ शकते. एलायझाचे छप्पर आणि भविष्य दोन्ही हिगिन्सच्या हाती आहे. शेवटी ध्वनिशास्त्र शिकवून पोट भरण्याची भाषा ती करते, तेव्हा कुठे हिगिन्स तिला बरोबरीची मानू लागतो.

पु. ल. देशपांडे यांनी याच नाटकावरून ‘ती फुलराणी’ लिहिले. १९७५ मध्ये रंगमंचावर आलेल्या या नाटकात भक्ती बर्वे यांनी फुलवाली मंजुळा साकारली. माणसाची पायरी बोलीवरून ठरवण्याची सवय मराठी समाजालाही असल्याने गुरू-शिष्येचा हा संघर्ष इथे परका वाटला नाही.