खरी जीटीओ ओळखायची कशी?

१९६४ साल. मध्यम आकाराच्या मोटारीत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन बसवायचे नाही, असा जनरल मोटर्सचा अंतर्गत दंडक होता. पाँटिअॅकचे मुख्य अभियंते जॉन डिलोरियन आणि सहकाऱ्यांनी पळवाट काढली: 'जीटीओ' हे नवे मॉडेल नव्हे, तर टेंपेस्ट लमाँवर मिळणारा केवळ एक जादा पर्याय! त्यात इंजिन ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या.

या कागदी चलाखीची किंमत आज घरच्या गॅरेजात जुनी गाडी उभी करणारे मोजतात. १९६४ आणि १९६५च्या गाड्यांच्या चेसिस नंबरात जीटीओची खूणच नाही. १९६६मध्ये ती स्वतंत्र मालिका झाली, तेव्हा कुठे नंबराच्या आरंभी २४२ हे आकडे आले. त्यामुळे साध्या लमाँला बॉनेट, बिल्ले आणि मोठे इंजिन चढवले की हुबेहूब जीटीओ तयार होते. हौसेखातर असे करण्यात गैर काहीच नाही. विकताना ते दडवणे मात्र इनामाची बनावट सनद रचण्यासारखेच. पत्रा येथे साक्ष देत नाही, ती कारखान्याच्या मूळ बीजकातूनच मिळते. त्या बीजकांच्या नोंदी मायक्रोफिल्मवर टिकल्या आहेत, आणि जाणकार गंज खरवडण्याआधी त्यांची प्रत मागवतात.