एका पट्टीमागचे सोळा आवाज

ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत आज खराखुरा पियानो असतोच असे नाही. संगणकाला जोडलेल्या कीबोर्डवर वादक बोटे ठेवतो आणि स्पीकरमधून पियानोचा भरदार नाद उमटतो. हा नाद संगणकाने गणित करून घडवलेला नसतो. कुणीतरी खऱ्या पियानोसमोर मायक्रोफोन मांडून एकेक स्वर टिपलेला असतो आणि पट्टी दाबताच त्यातील नेमका तुकडा वाजवला जातो. अशा टिपलेल्या तुकड्याला 'सॅम्पल' म्हणतात आणि तो वाजवणाऱ्या यंत्रणेला 'सॅम्प्लर'.

तुकडे टिपून झाले म्हणजे वाद्य तयार झाले असे मात्र नव्हे. कोणता तुकडा कोणत्या पट्टीवर बसवायचा, त्याने शेजारच्या किती पट्ट्या सांभाळायच्या आणि बोटाचा आघात हलका असताना कोणता व जोरकस असताना कोणता तुकडा वाजायचा, हे सारे ठरवावे लागते. पट्ट्यांवरील मांडणीला 'मॅपिंग' आणि एकाच पट्टीवर अनेक आवाजांचे थर रचण्याला 'लेअरिंग' म्हणतात. वाद्य सजीव वाटते की बनावट, हे बहुतांशी या दोन गोष्टींवर ठरते. शिवाय या आखणीत ज्या आवाजाला जागा मिळत नाही, तो श्रोत्यापर्यंत कधीच पोहोचत नाही.

फितीपासून हार्ड डिस्कपर्यंत

या कल्पनेचे मूळ संगणकापूर्वीचे आहे. १९६३ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे 'मेलोट्रॉन' हे वाद्य तयार झाले. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा स्वतंत्र तुकडा असे. पट्टी दाबली की फीत सरकू लागे, सुमारे आठ सेकंदांनी संपे आणि पट्टी सोडताच मूळ जागी परते. 'बीटल्स'च्या १९६७ मधील 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' या गाण्याच्या आरंभीचे बासरीसारखे सूर याच वाद्याचे. प्रत्येक पट्टीला स्वतःचे ध्वनिमुद्रण असल्याने एकच स्वर ताणून इतर पट्ट्यांवर वापरण्याचा प्रश्न येथे नव्हता.

तो प्रश्न अंकीय युगात आला. १९७९ साली ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी 'फेअरलाइट सीएमआय' बाजारात आणला. आवाज संगणकाच्या स्मृतीत साठवून तो कमी-अधिक वेगाने वाजवला की एकाच नमुन्यातून सारे स्वर मिळत. पण स्मृती अत्यंत तोकडी होती. १९८८ सालच्या 'अकाई एस१०००' या गाजलेल्या यंत्रात मुळात २ मेगाबाइट स्मृती होती. सीडीच्या दर्जाच्या स्टिरिओ ध्वनीला सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात. म्हणजे एवढ्या स्मृतीत जेमतेम १२ सेकंदांचा आवाज मावे. पियानोच्या ८८ पट्ट्यांसाठी १२ सेकंद! साहजिकच मोजकेच स्वर टिपायचे, ते दूरवर ताणायचे आणि त्यांच्या शेपटीचा छोटा भाग पुन्हा पुन्हा फिरवून, म्हणजे 'लूप' करून, स्वर लांबवायचा, अशी काटकसर करावी लागे.

ही कोंडी १९९८ साली 'गिगासॅम्प्लर' या सॉफ्टवेअरने फोडली. प्रत्येक नमुन्याचा केवळ आरंभ संगणकाच्या रॅममध्ये ठेवायचा आणि तो वाजत असतानाच उरलेला भाग हार्ड डिस्कवरून वाचत राहायचे, ही त्यामागील युक्ती. त्यापाठोपाठ 'ईएक्सएस२४' (२०००), 'हॅलिऑन' (२००१) आणि 'कॉन्टॅक्ट' (२००२) ही सॉफ्टवेअर आली. 'ईएक्सएस२४'ची जागा २०२० साली 'लॉजिक प्रो'मधील नव्या 'सॅम्प्लर'ने घेतली. मात्र मांडणीची मूलतत्त्वे सर्वत्र तीच आहेत.

पट्ट्यांची वाटणी

१९८३ साली प्रचारात आलेल्या 'मिडी' या संकेतपद्धतीत प्रत्येक स्वराला ० ते १२७ मधील एक क्रमांक असतो. पियानोची सर्वांत खालची पट्टी २१, सर्वांत वरची १०८ आणि मधली 'सी', म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी एक, ही ६०. सॅम्प्लरमध्ये प्रत्येक नमुन्याला तीन क्रमांक द्यावे लागतात: तो ज्या स्वरात टिपला ती मूळ पट्टी, त्याच्या अमलाखालील सर्वांत खालची पट्टी आणि सर्वांत वरची पट्टी.

'सॅलॅमँडर ग्रँड पियानो' हा मुक्त परवान्याखाली उपलब्ध असलेला संग्रह या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. यामाहा कंपनीच्या 'सी५' या पियानोचे स्वर त्यात सर्वांत खालच्या पट्टीपासून दर तिसऱ्या अर्धस्वरावर टिपले आहेत. प्रत्येक सप्तकात पांढरी एक, काळी दोन, काळी तीन आणि पांढरी सहा असे चारच स्वर प्रत्यक्ष मुद्रित आहेत. काळी दोनचा नमुना स्वतःची पट्टी सांभाळतोच. शिवाय खालची पांढरी दोन आणि वरची पांढरी तीन याही त्याच्याकडेच. ८८ पट्ट्यांसाठी असे ३० स्वर पुरतात आणि कोणताही नमुना एका अर्धस्वरापेक्षा अधिक ताणला जात नाही.

ही मर्यादा महत्त्वाची आहे. स्वर अर्ध्या पायरीने चढवायचा तर ध्वनिमुद्रण सुमारे ६ टक्के वेगाने वाजवावे लागते. एवढा फरक कानाला सहसा खुपत नाही. पूर्ण सप्तक चढवायचे तर वेग दुप्पट होतो आणि दहा सेकंदांचा स्वर पाचच सेकंदांत विरतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे स्वराबरोबर वाद्याच्या देहाचा अनुनादही वर सरकतो; जणू पियानोची लाकडी पेटीच आक्रसली. माणसाच्या आवाजात हा दोष तात्काळ जाणवतो. वर ताणलेला आवाज लहान मुलासारखा भासतो, तर खाली ताणलेला राक्षसासारखा. पेटीच्या बाबतीत दोष वेगळ्या रूपाने प्रकटतो. एकाच पट्टीवरील दोन सुरांच्या सूक्ष्म फरकातून जे मंद आंदोलन निर्माण होते, त्याची गती ताणासरशी वाढते आणि शेजारच्या दोन पट्ट्यांवर दोन निराळ्या गतींचा कंप ऐकू येतो.

काही चुका क्षुल्लक असूनही वारंवार घडतात. ६० क्रमांकाच्या स्वराला काही कंपन्या 'सी३' म्हणतात, तर काही 'सी४'. फाइलच्या नावावरून मूळ पट्टी ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला हा भेद न सांगितल्यास सारे वाद्य एका सप्तकाने घसरते. तसेच नमुन्याच्या आरंभी शांततेचा बारीकसा अंश राहिला तर पट्टी उशिरा बोलते. हा उशीर प्रत्येक पट्टीवर वेगळा असला की उत्तम वादकही बेताला वाटू लागतो.

आघाताचे थर

पट्टी किती जोराने दाबली हे कीबोर्डला कळते ते तिच्या वेगावरून. पट्टी खाली जाताना दोन संपर्कबिंदूंमधील अंतर किती वेळात कापते, हे मोजून १ ते १२७ असा आकडा पाठवला जातो. हलका नमुना नुसता मोठ्याने वाजवला म्हणजे जोरकस स्वर होत नाही. हातोडी तारेवर जोरात आदळली की वरचे उपस्वर उफाळून येतात आणि नादाची जातच बदलते. म्हणून एकच स्वर अतिमंद ते अतितीव्र अशा अनेक आघातांनी टिपतात आणि हे नमुने एकाच पट्टीवर थरांनी रचतात. 'सॅलॅमँडर'मध्ये असे १६ थर आहेत. ३० स्वर आणि १६ थर म्हणजे ४८० ध्वनिमुद्रणे. प्रत्येक थराच्या वाट्याला सरासरी आठ आकडे येतात.

थर मोजून सारखे वाटले की काम संपते असे नाही. कसोटी अशी, की एकच पट्टी हळूहळू जोर वाढवत वाजवावी आणि कोठेही पायरी जाणवू नये. जाणवली तर त्या थराची सीमा सरकवावी किंवा त्याची तीव्रता किंचित बदलावी. सर्व नमुने सरसकट एकाच उंचीला आणण्याचा मोह येथे घातक ठरतो, कारण त्यांच्यातील नैसर्गिक चढउतारच त्यामुळे पुसला जातो. सीमेवर दोन थर एकमेकांत विरघळवण्याची 'क्रॉसफेड' ही सोयही जपून वापरावी लागते. व्हायोलिनच्या ताफ्यासारख्या दीर्घ स्वरांना ती शोभते. पियानोवर मात्र दोन निराळी ध्वनिमुद्रणे एकाच वेळी वाजल्याने नाद पोकळ होतो किंवा दोन पियानो वाजत असल्याचा भास होतो.

याखेरीज आणखी दोन प्रकारचे थर असतात. पट्टी सोडताना तारेवर दट्ट्या बसण्याचा जो बारीक आवाज होतो, तो स्वतंत्रपणे टिपून पट्टी सुटताच वाजवतात. दुसरा थर पुनरावृत्तीचा. एकच नमुना झरझर वाजला की यंत्राच्या खडखडाटासारखे वाटते, कारण माणसाच्या हातून कोणतेही दोन आघात तंतोतंत सारखे पडत नाहीत. म्हणून एकाच आघाताची तीन-चार ध्वनिमुद्रणे आळीपाळीने वाजवली जातात. या पद्धतीला 'राउंड रॉबिन' असे नाव आहे.

तबला नकाशात मावतो का?

पियानोसाठी घडलेली ही रचना भारतीय वाद्यांना जशीच्या तशी लागू पडत नाही. तबल्याचे बोल स्वरानुक्रमाने मांडता येत नाहीत. तेथे एकेका पट्टीवर ना, तिं, तूं, क, गे असा एकेक बोल बसवतात. 'धा' हा ना आणि गे यांचा संयोग; तो दोन पट्ट्या एकत्र दाबून मिळवायचा की वेगळा टिपायचा, हा निर्णय घ्यावा लागतो. घुमणाऱ्या 'गे'वर बंद 'क' पडला की घुमारा तत्क्षणी थांबायला हवा. त्यासाठी ते दोन्ही बोल अशा गटात टाकतात, की एक वाजताच दुसरा गप्प होतो. एवढे केले नाही तर ऐकणाऱ्याला दोन डग्गे वाजत असल्यासारखे वाटते. तबला गायकाच्या पट्टीला मिळवलेला असतो. काळी एकचा तबला पांढरी चारपर्यंत ताणला तर चाट आणि शाई यांच्या नादाचा तोल ढळतो. त्यामुळे वेगवेगळ्या पट्ट्यांत मिळवलेले संच स्वतंत्रपणे टिपणे श्रेयस्कर ठरते.

खरी कसोटी डग्ग्याच्या मींडेची. मनगटाच्या दाबाने घुमारा वाजत असतानाच चढतो वा उतरतो. हा एका बिंदूवरचा स्वर नसून एक प्रवास आहे आणि पट्ट्यांची रचना मुळातच बिंदूंची आहे. मींडेचे काही ठरावीक नमुने टिपता येतात किंवा कीबोर्डच्या चाकाने तिची नक्कल करता येते. पण समोरच्या गायकाची जागा ऐकून त्या क्षणी घेतलेला निर्णय नमुन्यात नसतो.

मुंबईच्या चित्रपटसंगीताला या मर्यादेची किंमत मोजावी लागली. येथील ध्वनिमुद्रणांत एकेकाळी व्हायोलिनवादकांचे मोठे ताफे बसत. त्यांत गोव्यातील वादकांचा मोठा वाटा होता. मूळचे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे वादक-संयोजक त्याच परंपरेतले. १९८० आणि १९९० च्या दशकांत इलेक्ट्रॉनिक वाद्ये आणि एकेक वाद्य वेगळे मुद्रित करण्याची पद्धत रुळली, तसे हे ताफे ओसरत गेले. ग्रेगरी बूथ यांच्या 'बिहाइंड द कर्टन' (२००८) या ग्रंथात या वादकांच्या आयुष्याची नोंद आहे. ज्यांच्या हातांची नक्कल सॅम्प्लरने केली, त्यांच्यापैकी अनेकांच्या वादनाचे बारकावे मात्र कोणत्याही मांडणीत उतरले नाहीत.

घरची पेटी

आता सॅम्प्लर ही केवळ मोठ्या स्टुडिओंची मिरास राहिलेली नाही. 'एसएफझेड' या साध्या मजकुराच्या स्वरूपात मांडणी लिहिता येते आणि ती वाचणारी विनामूल्य सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. घरातील जुन्या पेटीचाही असा नकाशा आखता येईल. साडेतीन सप्तकांच्या पेटीला ४२ पट्ट्या. पेटीचा आवाज बोटाच्या जोरावर नव्हे, तर भात्याच्या दाबावर अवलंबून असल्याने तिला आघाताचे थर लागत नाहीत. तीव्रता पायाच्या पेडलवर किंवा चाकावर सोपवणे हेच तिच्या स्वभावाला धरून होईल. थर रचायचे ते खर्ज आणि नर या सुरांचे. दोन्ही वेगळे टिपले की वादकाला खटके ओढल्याप्रमाणे त्यांची निवड करता येते.

४२ पट्ट्या, दोन थर आणि प्रत्येकी दहा सेकंद असा हिशेब केला तर सीडीच्या दर्जाचे हे सारे वाद्य १५० मेगाबाइटच्या आत बसते. एकही स्वर ताणण्याची गरज उरत नाही. मेलोट्रॉनप्रमाणे प्रत्येक पट्टीला पुन्हा तिचे स्वतःचे ध्वनिमुद्रण मिळते. जुने सूर गंजून कायमचे बिघडण्यापूर्वी एक निवांत दुपार, एक बरा मायक्रोफोन आणि भात्याच्या श्वासासह सारे टिपून घेण्याचा संयम एवढेच त्यासाठी लागते.