पेशीतलं पालाश

राहुरीच्या शेतकऱ्याला सोडियम आणि पोटॅशियम नव्याने शिकवावे लागत नाहीत. पाणी जास्त झालं, निचरा झाला नाही, की रान चोपण होतं. तो सोडियमचा प्रताप. खताच्या गोणीवरचं पालाश म्हणजे पोटॅशियम. इथे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आलं आणि माती तपासणं ओळखीचं झालं. रक्तातला याच दोघांचा हिशेब मात्र जगाला फार उशिरा लागला.

रक्तद्रवात लिटरमागे साधारण 140 मिलिमोल सोडियम असतं, पोटॅशियम जेमतेम 4. तांबड्या पेशीच्या आत नेमकं उलट. 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला दिसलं, की थंडीत साठवलेल्या रक्तात पेशींमधलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. ऊब आणि साखर मिळाली की पुन्हा आत जातं. म्हणजे ऊर्जा खर्चून कुणीतरी ते ओढत होतं. 1953 साली शात्झमान यांनी दाखवलं, की डिजिटालिसच्या जातीची द्रव्यं ही ओढ थांबवतात. आपल्याकडच्या बिट्टीच्या, म्हणजे पिवळ्या कण्हेरीच्या बियांतलं विष त्याच कुळातलं. 1957 मध्ये डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांना खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंत तो पंप सापडला. तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, अशी त्याची फेरी. 1997 साली त्यांना नोबेल मिळालं.

थायरॉइडचा धागा 1970 मध्ये जुळला. इस्माईल-बेगी आणि एडेलमन यांना उंदरांच्या यकृतात आणि स्नायूंत दिसलं, की हे संप्रेरक पंपाचा वेग वाढवतं आणि त्यातून उष्णता निघते. थायरॉइड वाढलेल्या माणसाला उकडतं, त्याचं एक कारण हे.

तांबड्या पेशी मात्र उलट वागल्या. थायरॉइड वाढलेल्या रुग्णांच्या पेशींत पंप कमी आणि सोडियम जास्त आढळलं. या पेशीला केंद्रक नसतं, नवे पंप बनवता येत नाहीत. अस्थिमज्जेतून आणलेली शिदोरी तिला सुमारे 120 दिवस पुरवावी लागते. त्यामुळे उपचारांनी संप्रेरक ताळ्यावर आलं, तरी जुन्या पेशी जाऊन नव्या येईपर्यंत रक्त मागचीच हकिगत सांगत राहतं.

हा इतिहास एका आजारात थेट उपयोगी पडतो. थायरॉइड वाढलेल्या काही तरुणांना, मुख्यतः आशियाई पुरुषांना, भरपेट जेवून झोपल्यावर पहाटे पायच हलवता येत नाहीत. स्नायूंतल्या पंपांनी रक्तातलं पोटॅशियम आत ओढलेलं असतं. अंगमेहनतीचा थकवा म्हणून घरी थांबू नये. हृदयाचा ठोका बिघडू शकतो. दवाखान्यात पोटॅशियमबरोबर थायरॉइडही तपासायला सांगावं. वेळेत कळलं तर पायांत ताकद परत येते, आणि थायरॉइड ताब्यात राहिला तर झटके थांबतात.