रियासतकारांच्या पाठीशी

परप्रांतात राहून मराठीची सेवा करणाऱ्यांची नावे निघाली म्हणजे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १८८९ ते १९२५ अशी उमेदीची छत्तीस वर्षे त्यांनी बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या नोकरीत काढली. महाराजांना ग्रंथ वाचून दाखवावेत, राजपुत्रांना शिकवावे आणि उरल्या वेळात इतिहास लिहावा, असा त्यांचा क्रम होता. १८९८ साली ‘मुसलमानी रियासत’ निघाली, पुढे ‘मराठी रियासत’ निघू लागली आणि ‘रियासतकार’ हे जणू त्यांचे आडनावच झाले. ह्या कीर्तीमागे पाटण्यातील एका बंगाली प्राध्यापकाचे केवढे बळ उभे होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

ते प्राध्यापक म्हणजे जदुनाथ सरकार. औरंगजेबाच्या इतिहासासाठी त्यांना मराठी साधने हवी होती आणि त्या निमित्ताने १९०४ साली दोघांचा परिचय झाला. एकाला फारसी उत्तम येत होती, दुसऱ्याला मोडी. जदुनाथांनी पुढे मराठी आत्मसात केली. तरी अडलेल्या जागी आधार बडोद्याचाच. उलट सरदेसायांना फारसी बखरींतील मजकूर पाटण्याहून कळे. पत्रे इंग्रजीत चालत आणि त्यांत गोडवा बेताचाच असे. तारीख नक्की करा, नकाशा द्या, आधार दाखवा, असा जदुनाथांचा तगादा असे. सरदेसायांचे इंग्रजी लेखनही ते तपासून देत. स्नेह्याची स्तुती करणे सोपे असते. त्याच्या लेखनातील चुका वर्षानुवर्षे दुरुस्त करीत बसणे फार थोड्यांना जमते. १९२६ साली सरदेसायांनी मराठ्यांच्या इतिहासावर इंग्रजीत व्याख्याने दिली, तीदेखील जदुनाथांची कर्मभूमी असलेल्या पाटण्याच्या विद्यापीठात.

ह्या पाठबळाचे सर्वांत मोठे फळ म्हणजे पेशवे दप्तर. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांच्या ताब्यात गेलेले हजारो रुमाल पुण्यात पडून होते. पण सरकार ते अभ्यासकांना सहजासहजी पाहू देत नसे. राजवाड्यांसारखा संशोधक गावोगाव खासगी दप्तरे धुंडाळीत फिरला, आणि पुण्यातला हा ठेवा बंदच राहिला. जदुनाथांच्या शब्दाला सरकारदरबारी वजन होते. ऐतिहासिक कागदपत्रांच्या अखिल भारतीय आयोगाचे ते सदस्य होते, कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरूपद त्यांनी भूषविले होते आणि १९२९ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. ते वजन त्यांनी आपल्या मित्राच्या पारड्यात टाकले. निवृत्त होऊन कामशेतला राहावयास गेलेल्या सरदेसायांकडे निवडीचे काम आले आणि १९३० ते १९३४ ह्या अवघ्या चार-पाच वर्षांत ‘पेशवे दप्तरा’चे पंचेचाळीस खंड छापून निघाले.

पुण्याच्या संशोधक मंडळींना हे रुचले नाही. आपल्या घरचे कागद कोणी पाहावेत, हे एका बंगाल्याने का ठरवावे, असा सूर निघाला. निवड घाईची झाली, वाचनात चुका राहिल्या, ही टीकाही झाली आणि तीत तथ्य नव्हते असे म्हणवत नाही. शिवाजी महाराजांवरील जदुनाथांचा १९१९ सालचा ग्रंथही अनेकांना खटकला होता. परंतु ते खंड त्या वेळी निघाले नसते, तर पुढील पिढ्यांना त्यासाठी आणखी किती काळ थांबावे लागले असते कोण जाणे! खंडांवर संपादक म्हणून सरदेसायांचे नाव आहे. दिवसभर मोडी वाचणारे, नकला उतरणारे आणि मुद्रिते तपासणारे साहाय्यक आज कोणाच्या स्मरणात आहेत?

हे देणे एकतर्फी नव्हते. जदुनाथांचा मोगल साम्राज्याच्या ऱ्हासावरील चार खंडांचा ग्रंथ मराठी कागदांवाचून पुरा झाला नसता. १९३६ पासून निघालेली पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराची मालाही दोघांच्या देखरेखीखाली चालली. महादजी शिंद्यांवरील पहिला खंड जदुनाथांनी संपादिला आणि दुसरा सरदेसायांनी. जदुनाथ कामशेतला येऊन राहत, तेव्हा इंद्रायणीकाठच्या त्या लहानशा गावी दोघे वृद्ध कागदांत बुडून जात.

दुःखातही दोघे सारखेच वाटेकरी झाले. शांतिनिकेतनात शिकलेला सरदेसायांचा मुलगा श्यामकांत १९२५ साली ऐन तारुण्यात गेला. १९४७ च्या कलकत्त्याच्या दंगलीत जदुनाथांचा मुलगा मारला गेला. तरीही लेखन थांबले नाही. १९४६ ते १९४८ ह्या काळात सरदेसायांचा मराठ्यांचा नवा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत प्रसिद्ध झाला, आणि १९५० साली जदुनाथांनी आपल्या ग्रंथाचा चौथा खंड पुरा केला. सरदेसायांना १९५७ साली ‘पद्मभूषण’ मिळाले. पुढच्याच वर्षी जदुनाथ वारले आणि चौपन्न वर्षांचा तो स्नेह संपला. सरदेसाई त्यानंतर जेमतेम दीड वर्ष जगले.