नीरा-भीमा संगम, नरसिंहपूर

नीरा-भीमा संगम हे पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील नरसिंहपूर (नीरा नरसिंहपूर) येथील नदीसंगमाचे व तीर्थस्नानाचे स्थान आहे. जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला दोन नद्यांच्या बेचक्यात हे गाव वसले आहे. भीमेपलीकडे माढा आणि नीरेपलीकडे माळशिरस हे सोलापूर जिल्ह्यातील तालुके येतात. येथील लक्ष्मी-नृसिंह हे महाराष्ट्रातील अनेक घराण्यांचे कुलदैवत असून वैशाख शुद्ध चतुर्दशीला, म्हणजे नृसिंह जयंतीला, मोठी गर्दी होते. दर्शनापूर्वी संगमात स्नान करण्याचा प्रघात आहे. त्यामुळे घाट उतरण्याजोगा आहे का आणि पाणी कसे आहे, हा प्रश्न येथे वर्षभर विचारला जातो.

पाण्याची स्थिती

नरसिंहपूर पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते. गावावरील आभाळ पाहून नदीचा अंदाज बांधणे म्हणूनच फसवे ठरते. संगमातील पाणी वाढते किंवा ओसरते ते मुख्यतः वरच्या धरणांमुळे.

भीमेवर, संगमाच्या वरच्या बाजूस व तुलनेने जवळ, उजनी धरण आहे. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची एकूण साठवण क्षमता सुमारे ११७ टीएमसी असून सांडव्याला ४१ दारे आहेत. नीरेवर, बऱ्याच अंतरावर, वीर धरण आहे. भाटघर, नीरा देवघर आणि गुंजवणी या धरणांतून सोडलेले पाणी त्यातच येते. वीर आकाराने लहान असल्याने पावसाळ्यात लवकर भरते. उजनी मोठे असल्याने त्याला वेळ लागतो. पावसाळ्याच्या पूर्वार्धात म्हणून बहुधा नीरा आधी फुगते आणि भीमा मागाहून.

पाहुण्याची चूक नेमकी येथेच होते. नीरेला पूर असताना भीमेला पाणी कमी असेल, तर नीरेचा लोंढा भीमेचे पाणी अडवून धरतो. भीमेच्या पात्रात फुगवटा येतो, पातळी चढते, पण पृष्ठभाग संथ दिसतो. संथ पाणी म्हणजे उथळ पाणी नव्हे. थोडे पुढे, दोन्ही प्रवाह मिळतात तेथे, भोवरे व उलटे ओढ असू शकतात. नीरेचे गढूळ पाणी आणि धरणात गाळ बसून आलेले भीमेचे हिरवट पाणी यांच्यातील रेघ काही वेळा घाटावरून स्पष्ट दिसते. ती रेघ भीमेच्या बाजूला सरकलेली असेल, तर नीरेचा जोर अधिक आहे असे समजावे.

उन्हाळ्यातही निर्धास्त राहता येत नाही. सोलापूर शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी, तसेच पंढरपूरच्या वारीत चंद्रभागेच्या स्नानासाठी, उजनीतून भीमेत पाणी सोडले जाते. वृत्तपत्रांत उजनीचा साठा 'वजा' टक्क्यांत छापलेला असला तरी असे आवर्तन येऊ शकते, कारण 'वजा' म्हणजे केवळ जिवंत साठा संपून मृत साठा वापरात आला, एवढेच. कोरड्या पात्रात खेळणाऱ्या मुलांना, ढग नसताना वाढणाऱ्या या पाण्याची कल्पना नसते.

घाट आणि तळ

नदीकडे उतरणारा दगडी घाट हाच पाण्यात जाण्याचा नेहमीचा मार्ग आहे. पूर ओसरल्यावर पायऱ्यांवर गाळाचा थर राहतो आणि नंतर शेवाळ धरते. बुडालेल्या पायऱ्या कोठे संपतात, ते वरून दिसत नाही. म्हणून काठीने तळ चाचपत, एकेक पायरी उतरणे हिताचे. पुरानंतर घाटाच्या भिंतींखाली उभे राहणेही टाळावे. १४ ऑक्टोबर २०२० रोजी अतिवृष्टीत पंढरपूरच्या कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जणांचा मृत्यू झाला होता.

घाटावरून सूर मारणे सर्वांत धोक्याचे. भीमेच्या पात्रात वाळूउपशामुळे ठिकठिकाणी खड्डे पडले असून गेल्या वर्षी कमरेइतके असलेले पाणी यंदा डोह झालेले असू शकते. पाणी बहुधा अपारदर्शक असते. बुडी मारणाऱ्याला हाताचा पंजाही दिसेल याची खात्री नसते, शिवाय काटेरी फांद्या व तुटकी जाळी तळाशी अडकलेली असतात. पट्टीच्या पोहणाऱ्याचे कसब येथे फारसे कामी येत नाही. दाट हिरवा तवंग किंवा उग्र वास असेल, तर स्नानाऐवजी पाय धुऊन परतणे बरे. हे मत काही भाविकांना रुचणार नाही.

वारा

नावेतून जाणाऱ्यांनी वाराही पाहावा. इंदापूर तालुक्यातच, उजनीच्या फुगवट्यावर, २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. संगमाचे पात्र त्या मानाने अरुंद असले तरी वळवाच्या दिवसांत दुपारनंतर नावेत बसू नये.

चौकशी

पावसाळ्यात जलसंपदा विभाग धरणांच्या विसर्गाचे आकडे जाहीर करतो आणि संगमावरील विसर्ग पंढरपूरच्या पूरवृत्तांत छापला जातो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. उजनी व वीर या दोहोंचे आकडे पाहावेत, आणि आकड्यासोबत वेळही. वीरचे पाणी दूरवरून येत असल्याने तेथील विसर्ग कमी झाल्याची बातमी आल्यानंतरही संगमावर पातळी चढत राहू शकते. घाटावरील पुजारी, नावाडी आणि कोळी बांधव यांना आदल्या दिवशीची पातळी कोणत्या पायरीवर होती, ते बहुधा ठाऊक असते. तीच पायरी स्वतः पाहावी आणि पाणी तिच्यावर चढले असल्यास उतरू नये.