बॅटरीखोलीचं दार

पांढरकवड्याच्या जिनिंगमध्ये चार हंगाम काढलेल्या माणसाला आग शिकवावी लागत नाही. 170 किलोच्या गाठीत एकदा ठिणगी शिरली, की वरून कितीही पाणी मारा, आत ती धुमसतच राहते. म्हणून जळकी गाठ बाकीच्यांपासून लांब, उघड्यावर ओढून न्यायची आणि तिच्यावर दिवसेंदिवस डोळा ठेवायचा. लिथियम बॅटऱ्यांनी भरलेला कंटेनर पेटतो तेव्हा ती आगही याच जातीची असते. फक्त तिथे उघड्यावर ओढून नेण्याची सोय नसते, आणि दारामागे साचतो तो वायू.

या दाराचा वंशवृक्ष तारऑफिसापर्यंत मागे जातो. तिथल्या सेलमध्ये जस्त, तांबं आणि मोरचूद असायचं. तेच मोरचूद, जे बागायतदार बोर्डो मिश्रणासाठी भिजवतो. विषारी खरं, पण निळंशार. सांडलं तर दिसणारं. भांडीही उघडीच.

1859 मध्ये फ्रान्सच्या गास्ताँ प्लांते यांनी शिसं आणि गंधकाम्लाची, पुन्हा भरता येणारी बॅटरी केली आणि बॅटरीला स्वतंत्र खोली लागू लागली. ती खोली आजही वीज उपकेंद्रांत असते. लाइन गेली तरी ब्रेकर पडला पाहिजे, रिले चालली पाहिजे, म्हणून 110 किंवा 220 व्होल्टची डीसी बँक तिथे कायम भरलेली. या खोलीची शिस्त मला फार आवडते. ऑपरेटर एकेका सेलमध्ये हायड्रोमीटर बुडवून घनता बघणार, रजिस्टरात लिहिणार, पातळी उतरली तर डिस्टिल्ड वॉटर घालणार. ॲसिड पातळ करायचं तर पाण्यात ॲसिड, उलट कधीच नाही. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो आणि हवेत तो चार टक्क्यांवर गेला की एक ठिणगी पुरते. म्हणून एक्झॉस्ट फॅन चालू आणि विडी-काडी बाहेर. या सगळ्या नियमांचं सार एवढंच: खोली कोंडू द्यायची नाही.

मग लोडशेडिंग आलं. विदर्भात बारा-बारा तास वीज नसायची त्या वर्षांत इन्व्हर्टर घरोघरी शिरला आणि उपकेंद्रातली बॅटरी जिन्याखाली येऊन बसली. सोबत ना फॅन आला, ना रजिस्टर. पाणी घालायची आठवण झाली तर झाली. निकामी बॅटरी भंगारात जायची आणि तिथे शिसं वितळवणाऱ्याच्या फुप्फुसात. सरकारने बॅटऱ्यांसाठी 2001 मध्ये नियम करून उत्पादकावर परत घेण्याची जबाबदारी टाकली, 2022 मध्ये ते बदलून नवे नियम आणले. भंगारवाल्याचा काटा मात्र त्याआधीपासून चालू होता, अजूनही आहे.

लिथियम-आयन बॅटरी 1991 मध्ये सोनीने बाजारात आणली. तिच्यात ॲसिड नाही, पाणी नाही, वास नाही. आतला द्रव मात्र स्वतःच ज्वलनशील. एखादा सेल बिघडून तापला की त्याची उष्णता शेजारच्याला पेटवते, आणि ही साखळी बाहेरच्या हवेवाचूनही पुढे सरकते. 1997 मध्ये टेक्सास विद्यापीठात अक्षय पाढी, नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ यांनी लोह-फॉस्फेटचा पर्याय मांडला. तो तापतो कमी, सावकाश. आज वीजसाठवणुकीत तोच जास्त वापरतात. पण तापल्यावर हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड त्यातूनही सुटतातच, शिवाय त्वचेतून थेट हाडापर्यंत पोचणारा हायड्रोजन फ्लोराइड.

19 एप्रिल 2019 रोजी अमेरिकेत ॲरिझोनातल्या सरप्राइज शहरात हा सगळा हिशेब एका दारापाशी आला. दोन मेगावॉटच्या साठवण केंद्रात सेल तापले, आग विझवणारा वायू आपोआप सुटला, ज्वाळा दिसेनात. अग्निशमन दलाच्या जवानांनी काही तास वाट पाहून दार उघडलं. सेलमधून सुटून आत साचलेल्या वायूला हवा मिळाली आणि स्फोट झाला. चौघे जबर जखमी झाले. बॅटरीखोली कोंडू द्यायची नाही हे दीडशे वर्षांचं शहाणपण पेटी बंद करताना विसरलं गेलं होतं: वायू बाहेर काढायची सोय नव्हती, आणि आत किती साचलाय हे बाहेरून कळायचा मार्गही नव्हता. आता चांगल्या केंद्रात वायूचे सेन्सर, स्फोटाचा दाब छतातून सोडणारी झडप, कंटेनरांमध्ये मोकळं अंतर, आणि पेटलेल्याऐवजी शेजारच्या कंटेनरवर पाणी मारायची पद्धत दिसते. गाठीचा न्यायही सुटत नाही: कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंगचं केंद्र जानेवारी 2025 मध्ये जळलं आणि फेब्रुवारीत तिथे पुन्हा आग भडकली.

हे सगळं फार लांबचं नाही. नागपूरच्या पूर्वेला, हावड्याच्या लाइनवर, राजनांदगावला 120 मेगावॉट-तासांची बॅटरी 2024 पासून सौर प्रकल्पाशेजारी उभी आहे. आपल्याकडे सौर कृषी वाहिनीतून शेतीची वीज दिवसा येऊ लागली, तशी दुपारची वीज संध्याकाळसाठी राखायची गरजही वाढली. उद्या नागपूर-हैदराबाद हायवेलगत काळ्या रानात असे पांढरे कंटेनर उभे राहिले आणि एखादा पेटला, तर आग विझवायला पहिली गाडी नगरपरिषदेची जाणार. तिच्यावरच्या माणसाला पोचायच्या आधी काय माहीत असेल?

यवतमाळ जिल्ह्याने हा प्रश्न 2017 मध्ये भोगला आहे. फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली, आणि रुग्ण दाखल होत असताना कुठलं औषध कशात मिसळलं होतं इथपासून डॉक्टरांची सुरुवात होती. बॅटरी केंद्रात हे फाटकावरच लिहिता येतं: आत कुठल्या रसायनाचे सेल, वायूचं रीडिंग बाहेर कुठे दिसतं, दार कोणी आणि केव्हा उघडायचं, रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार, हायड्रोजन फ्लोराइडने भाजलेल्या हाताला लावायची कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल कुठल्या दवाखान्यात आहे. आणि विझवण्याचं पाणी शेजारच्या पराटीत उतरू नये म्हणून खड्डा कुठे खणला आहे.