किशोरवयीन नैराश्य

किशोरवयीन नैराश्य हा साधारणपणे १० ते १९ वर्षे या वयोगटात आढळणारा मनोविकार आहे. यास अवसाद असेही म्हणतात. बोलण्यात मात्र 'डिप्रेशन' हाच शब्द रूढ आहे. परीक्षेतील अपयश, मैत्रीतील दुरावा किंवा जिवलगाचा मृत्यू यांमुळे होणारे दुःख स्वाभाविक असते व बहुधा कालांतराने ओसरते. नैराश्यात खिन्नता किंवा निरुत्साह जवळजवळ रोज, दिवसाचा बराच काळ आणि किमान दोन आठवडे टिकतो. त्याचा परिणाम अभ्यास, झोप, भूक व नातेसंबंध यांवर होतो. हा आळस किंवा मनाचा दुबळेपणा नसून उपचारांनी बरा होऊ शकणारा आजार आहे.

लक्षणे

प्रौढांमध्ये उदासपणा ठळक असतो. किशोरांमध्ये त्याऐवजी चिडचिड अधिक दिसू शकते. त्यामुळे हा आजार अनेकदा 'वयाचा हट्टीपणा' समजून दुर्लक्षित राहतो. प्रमुख लक्षणे पुढीलप्रमाणे आहेत :

• आवडत्या खेळात, छंदांत व मित्रमंडळींत रस न उरणे
• झोप किंवा भूक फार कमी अथवा फार जास्त होणे
• सततचा थकवा, एकाग्रतेचा अभाव, गुणांत घसरण
• कारण न सापडणारी डोकेदुखी वा पोटदुखी
• स्वतःस निरुपयोगी किंवा अपराधी मानणे
• मृत्यूचे अथवा आत्महत्येचे विचार

कारणे

नैराश्याचे एकच एक कारण नसते. आनुवंशिकता, मेंदूतील जैवरासायनिक प्रक्रिया, दीर्घ आजार, कौटुंबिक कलह, छळ, लैंगिक अत्याचार, शाळेतील दादागिरी, शैक्षणिक ताण व आर्थिक विवंचना यांचा एकत्रित परिणाम संभवतो. वयात आल्यानंतर मुलींमध्ये याचे प्रमाण मुलांहून अधिक आढळते.

निदान व उपचार

निदान मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ प्रत्यक्ष मुलाखतीतून करतात. थायरॉइडचे विकार व रक्तक्षय यांची लक्षणे काहीशी सारखी असल्याने शारीरिक तपासणीही आवश्यक ठरते.

सौम्य नैराश्यात समुपदेशन, नियमित झोप, व्यायाम व कुटुंबाचा आधार यांचा उपयोग होतो. बोधनिक वर्तनोपचारात रुग्ण आपले नकारात्मक विचार ओळखून तपासण्यास शिकतो. मध्यम व तीव्र नैराश्यात मानसोपचारांसोबत फ्लुओक्सेटिनसारखी औषधे दिली जातात. त्यांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. सुरुवातीच्या काळात काही किशोरांमध्ये आत्महत्येचे विचार वाढण्याची शक्यता असल्याने डॉक्टरांची देखरेख महत्त्वाची असते. बरे वाटू लागताच औषध परस्पर बंद करणे योग्य नसते.

निकटवर्तीयांची भूमिका

मुले आपली व्यथा बहुधा प्रथम मित्रास किंवा एखाद्या विश्वासू शिक्षकास सांगतात. अशा वेळी उपदेश किंवा तुलना न करता शांतपणे ऐकून घेणे उपयुक्त असते. आत्महत्येविषयी थेट विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने बोलण्याची वाट मोकळी होते. जिवास धोका असल्यास 'कोणास सांगू नकोस' हे वचन पाळणे उचित नसते. त्या व्यक्तीस एकटे न सोडता जबाबदार प्रौढास तात्काळ कळवणे आवश्यक असते.

मदतसेवा

भारत सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असून मराठीतही संवाद साधता येतो. संकटातील मुलांसाठी १०९८, तर तातडीच्या प्रसंगी ११२ हे क्रमांक आहेत. जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत उपचार मिळतात. महाराष्ट्रात पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत.

कायदेशीर तरतुदी

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार प्रत्येकास शासकीय सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा व माहितीच्या गोपनीयतेचा हक्क आहे. कलम ११५ अन्वये आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते. त्यामुळे शिक्षेच्या भीतीने उपचार टाळण्याचे कारण उरत नाही.

चित्रपटातील चित्रण

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर दिग्दर्शित 'कासव' या मराठी चित्रपटात नैराश्याने ग्रासलेल्या तरुणाची व त्यास आधार देणाऱ्या माणसांची कथा आहे. ६४व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले.